बेडकीचा पाला आणि मधुमेह

लोणावळ्याच्या बाजारपेठेतून जाणाऱ्या प्रवाशास चिक्कीच्या दुकानांकडे पाठ फिरवून पुढे जाणे कठीण. गुळाच्या पाकाचा वास त्याची सोबत सोडीत नाही, आणि मुंबई-पुण्याचा पाहुणा एखादा डबा घेतल्यावाचून परतला असे क्वचितच घडते. परंतु याच मुलखात, मावळच्या रानांतून आणि कुंपणांवरून, एक अशी वेल चढत असते की तिची दोन पाने चघळून मग ती चिक्की तोंडात टाकावी, तर गोडी म्हणून मुळीच लागू नये. शेंगदाण्याची चव कळते, दाताखालची कुरकुर कळते, गुळाचा मात्र पत्ता नसतो. नुसती साखर जिभेवर ठेवली तर वाळूचे कण ठेवल्यासारखे वाटते. हा प्रकार अर्धा-पाऊण तास टिकतो आणि मग जीभ पूर्ववत होते. या वेलीस मराठीत बेडकीचा पाला म्हणतात. संस्कृतात तिला मेषशृंगी व मधुनाशिनी ही नावे दिली जातात, आणि हिंदीत ती गुडमार, म्हणजे गुळास मारणारी, या नावाने ओळखली जाते.

जे पान जिभेवरची साखर मारते ते रक्तातली साखरही मारीलच, असे कोणासही सहज वाटावे. हा तर्क जितका सोपा आहे तितकाच तो निसरडाही आहे. मधुमेहावर वनस्पतींचा उपाय शोधण्याचे काम जगभर चालू आहे. त्या कामाचे स्वरूप काय, त्यात सिद्ध झालेले किती आणि नुसते ऐकिवातले किती, हे ज्या घरात मधुमेहाचा रुग्ण आहे त्या घरातील माणसांनी समजून घेणे अगत्याचे आहे. आणि असे घर आता अपवादाचे राहिलेले नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेहाच्या रुग्णांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचे अनुमान निघाले.

हा रोग आपल्या पूर्वजांस अपरिचित नव्हता. चरकसंहितेत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले असून त्यांत मधुमेहाची गणना आहे, आणि रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या ओढल्या जातात हे निरीक्षणही तेथे नमूद आहे. आधुनिक शास्त्राने त्याचे मूळ स्वादुपिंडात दाखविले. या पिंडातून इन्सुलिन नावाचा रस पाझरतो आणि त्याच्या योगाने रक्तातील साखर शरीराच्या पेशींस उपयोगी पडते. कित्येकांच्या, विशेषतः मुलांच्या, शरीरात हा रस जवळजवळ निर्माणच होईनासा होतो. हा पहिला प्रकार. दुसऱ्या आणि फार मोठ्या वर्गात रस असतो, परंतु तो पुरा पडत नाही किंवा शरीर त्यास दाद देत नाही. पुढील विवेचनात हा भेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे, कारण दुसऱ्या प्रकारात ज्याचा थोडाबहुत उपयोग होण्याचा संभव आहे ते पहिल्या प्रकारात प्राणावर बेतू शकते.

आता बेडकीच्या पाल्याचा इतिहास पाहावा. पाने चघळल्यावर चहातील साखरेची चव नाहीशी होते, हा एजवर्थ नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याचा अनुभव १८४७ साली लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे मांडण्यात आला. पुढे १८८७ साली डेव्हिड हूपर या रसायनशास्त्रज्ञाने पानांतून एक आम्लधर्मी द्रव्य वेगळे केले आणि त्यास वेलीच्या शास्त्रीय नावावरून जिम्नेमिक आम्ल हे नाव दिले. ते एक द्रव्य नसून एकमेकांशी नाते असलेल्या अनेक द्रव्यांचा समूह आहे, हे मागाहून समजले. जिभेवर गोडी ओळखणाऱ्या ज्या सूक्ष्म रचना असतात त्यांना ही द्रव्ये चिकटून बसतात, आणि ती तेथून सुटेपर्यंत गोड चव कळत नाही. एवढ्याने जिभेवरचा प्रकार उलगडला, परंतु रक्ताविषयी त्याने काहीच सांगितले नाही. साखर गोड लागली नाही म्हणून ती पोटात जाऊन साखर व्हावयाची थांबत नाही.

रक्ताविषयीचा प्रश्न मुंबईतच हाती घेण्यात आला. मुंबई आणि मद्रास इलाख्यांतील वैद्य हा पाला मधुमेहावर देत असत. तेव्हा परळच्या हाफकिन संस्थेतील डॉ. के. एस. म्हसकर आणि फादर कायस यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास करून १९३० साली तो स्वतंत्र प्रबंधरूपाने प्रसिद्ध केला. प्राण्यांवरील प्रयोगांत पानांच्या योगाने रक्तातील साखर उतरते असे त्यांस आढळले, आणि पानांची क्रिया साखरेवर थेट होत नसून ती स्वादुपिंडास चेतना देऊन इन्सुलिन वाढविते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. याच्या आधी दोन वर्षे, १९२८ साली, कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या विद्यालयात डॉ. रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी हीच वनस्पती तपासली होती, आणि त्यांस मात्र उल्लेखनीय गुण दिसला नव्हता.

दोन्ही ठिकाणचे संशोधक मान्यवर होते, पाहण्याची वस्तू तीच होती, आणि उत्तरे दोन आली. अशा वेळी कोणीतरी खोटे बोलत आहे असे समजण्याचे कारण नाही. पाने कोठली, कोणत्या ऋतूत खुडलेली, सावलीत वाळविली की उन्हात, अर्क पाण्यात काढला की मद्यार्कात, मात्रा किती, रोगी कोणत्या प्रकारचा, या प्रत्येक गोष्टीने फरक पडतो. म्हणूनच वनस्पतीपासून औषधापर्यंतची वाट लांब आहे. त्या वाटेवर तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. वनस्पती नक्की कोणती? तिच्यातले गुणकारी द्रव्य कोणते? आणि ते दिल्याने रुग्णास खरोखर किती गुण येतो?

पहिला प्रश्न ऐकावयास बाळबोध वाटतो, परंतु त्याचे उत्तर देण्यासाठी एका विद्वानाने लोणावळ्याच्या शेजारी, खंडाळ्याच्या डोंगरात, वर्षानुवर्षे पायपीट केली. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक फादर सांतापाव हे जन्माने स्पॅनिश होते. खंडाळ्याच्या परिसरातील एकेक वनस्पती निरनिराळ्या ऋतूंत गोळा करून, तिचे पान, फूल, फळ तपासून त्यांनी जी वनस्पतिसूची तयार केली ती १९५३ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या नोंदींत प्रसिद्ध झाली. दाबून वाळविलेली फांदी, ती कोठे व कोणत्या तारखेस मिळाली आणि कोणी गोळा केली याची चिठ्ठी, असे नमुने त्याच कॉलेजातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रहात जपून ठेवलेले आहेत. हा संग्रह ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या फादर ब्लॅटर यांनीच कायस आणि म्हसकर यांच्यासह कीर्तिकर व बसू यांच्या भारतीय औषधी वनस्पतींवरील सुप्रसिद्ध ग्रंथाची दुसरी आवृत्ती सिद्ध केली. संशयाच्या वेळी हातातील फांदी ज्याच्याशी ताडून पाहावयाची असा आधार असला, तरच पुढील रसायनशास्त्रास अर्थ राहतो.

हा आधार नसला म्हणजे काय होते, याचे उदाहरण सप्तरंगी. कोकणातून मधुमेहाचे औषध म्हणून जी सप्तरंगीची मुळे विकावयास येतात, ती एकाच वनस्पतीची असतात असे नाही. सालेशिया आणि केसियारिया या दोन अगदी निराळ्या कुळांतील वनस्पतींस लोक हेच एक नाव देतात. एकीवर झालेल्या प्रयोगाचा हवाला देऊन दुसरीचे मूळ उगाळून पाजले, तर त्या प्रयोगाचा उपयोग काय? दुसरे उदाहरण गुळवेलीचे. कोविडच्या साथीत घरोघर गुळवेलीचा काढा सुरू झाला, तेव्हा यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांची हकीकत मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की, ती वनस्पती खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, हे तपासलेलेच नाही. पुढे देशातील तेरा केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. वाद बाजूस ठेवला तरी एवढे खरे की, घरी काढा उकळणाऱ्या माणसापाशी पातेल्यात काय पडले हे पाहण्याचे साधन बहुधा नसते.

दुसरा प्रश्न द्रव्याचा. वनस्पतीतून मधुमेहाचे औषध निघू शकते काय, अशी शंका कोणी काढील तर त्याचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे, आणि ते उत्तर आज लाखो रुग्णांच्या औषधाच्या डब्यात आहे. युरोपात गॅलेगा नावाची एक शेंगवर्गीय वनस्पती वाढते. वारंवार लघवीस होण्याच्या विकारावर ती तिकडील लोक पूर्वापार देत. तिच्यातील गॅलेगीन हे द्रव्य गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मधुमेहाच्या रुग्णांस देऊन पाहण्यात आले. साखर उतरे, परंतु विषबाधेचे भय वाटू लागले आणि ते सोडून देण्यात आले. तथापि त्याच रासायनिक घराण्यातील मेटफॉर्मिन हे सौम्य द्रव्य १९२२ साली डब्लिन येथे प्रयोगशाळेत तयार झालेले होते. ते कित्येक वर्षे दुर्लक्षित राहिले, आणि पॅरिसच्या झां स्टर्न यांनी १९५७ साली ते मधुमेहावर यशस्वी रीतीने वापरल्याचे प्रसिद्ध केले. मधुमेहाच्या दुसऱ्या प्रकारात डॉक्टर आज बहुधा प्रथम जी गोळी लिहून देतात ती हीच. म्हणजे रानातील झाडपाल्याने दिशा दाखविली हे खरे. परंतु ती वनस्पती जशीच्या तशी खाऊन हे काम झाले नसते, हेही तितकेच खरे.

सफरचंदाच्या झाडाची गोष्ट याहूनही चमत्कारिक आहे. त्याच्या मुळांच्या सालीतून १८३५ साली फ्लोरिझीन नावाचे द्रव्य काढण्यात आले. ते दिल्यास मूत्रातून साखर जाऊ लागते, असे जर्मन वैद्य फॉन मेरिंग यांनी १८८६ साली दाखविले. म्हणजे ते प्रथम रोगाचे सोंग आणणारे द्रव्य म्हणून प्रसिद्धीस आले! पुढे मूत्रपिंडे साखर परत रक्तात कशी ओढून घेतात हे कळले, तेव्हा त्याच क्रियेस अटकाव करून जादा साखर बाहेर घालविणारी औषधे त्याच्या धर्तीवर तयार झाली, आणि त्यांतील डापाग्लिफ्लोझिन यास २०१२ साली युरोपात मान्यता मिळाली. मधल्या काळात पावणेदोनशे वर्षे उलटली. वर सांगितलेल्या सालेशियाच्याच एका जातीतून जपानी संशोधकांनी १९९७ साली सॅलेसिनॉल हे द्रव्य वेगळे केले. आतड्यात पिष्टमय अन्नाची साखर होण्याची क्रिया ते मंदावते. सह्याद्रीत वाढणाऱ्या या कुळाबद्दल संशोधकांस जी आशा वाटते ती अशा पक्क्या पायावर आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण, कारण तेथे उंदराची जागा माणूस घेतो. बिबळ्याच्या लाकडाचा पेला रात्री पाण्याने भरून ठेवावा आणि सकाळी ते तांबूस पाणी प्यावे, हा उपचार अनेकांनी ऐकलेला असेल. या झाडास विजयसार असेही म्हणतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने चार केंद्रांत नव्याने मधुमेह आढळलेल्या रुग्णांस विजयसार गरजेप्रमाणे कमीजास्त मात्रेत देऊन पाहिले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या अहवालात बारा आठवड्यांच्या अखेरीस ९७ पैकी ६७ रुग्णांची साखर आटोक्यात आल्याचे म्हटले आहे. बेडकीच्या पाल्याचा अर्क मद्रास येथे दुसऱ्या प्रकारच्या २२ रुग्णांस त्यांच्या नेहमीच्या गोळ्यांसोबत अठरा ते वीस महिने देण्यात आला. १९९० सालच्या त्या अहवालाप्रमाणे, त्यांपैकी पाच जणांस नेहमीच्या गोळ्या बंद करता आल्या.

हे आकडे उत्साह वाटावा असे आहेत, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु ते वाचावयाचे कसे, हे शिकले पाहिजे. वरील दोन्ही ठिकाणी, कोणास खरे औषध मिळाले व कोणास नुसती पूड मिळाली हे रोगी आणि डॉक्टर या दोघांसही ठाऊक नाही, अशा रीतीची तुलना झालेली नव्हती. नव्याने निदान झालेला माणूस घाबरून पथ्य पाळू लागतो, चालू लागतो, भात कमी करतो, आणि एवढ्यानेही त्याची साखर उतरते. मग श्रेय पथ्याचे की पुडीचे? तुलना कडक केली म्हणजे कित्येकदा उत्तर बदलते. जांभळाच्या बियांची पूड इन्सुलिनच्या शोधापूर्वी युरोपातील डॉक्टरही वापरीत असत. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा काढा मधुमेहावर लोकप्रिय आहे. तेथील संशोधकांनी या शतकाच्या आरंभी त्याची अशी कडक परीक्षा घेतली, तेव्हा पानांच्या काढ्यात साखर उतरविण्याचा गुण आढळला नाही. यावरून जांभळाचे बीजही निरुपयोगी ठरत नाही. परंतु पानाच्या नावावर बी आणि बीच्या नावावर पान खपविता येणार नाही, एवढे ठरते.

लोणावळ्यास या पद्धतीचे वावडे नाही, उलट तिची एक जुनी परंपरा आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली तेथे कैवल्यधाम आश्रम स्थापिला, तो योगाभ्यास केवळ शिकविण्यासाठी नव्हे. आसने व प्राणायाम यांचा शरीरावर होणारा परिणाम उपकरणांनी मोजावा आणि तो त्रैमासिकातून जगापुढे मांडावा, हा त्यांचा हेतू होता. परंपरेवर श्रद्धा असणाऱ्या पुरुषाने परंपरेस मोजपट्टी लावण्यात कमीपणा मानला नाही. वनस्पतींच्या बाबतीतही याच वृत्तीची गरज आहे. तपासणी मागणे म्हणजे आयुर्वेदाचा अनादर नव्हे. ज्या वैद्यास आपल्या औषधाची खात्री आहे, त्याने तपासणीस भिण्याचे कारण काय?

हा विचार पांडित्यापुरता नाही, कारण चुकीची किंमत रोग्यास द्यावी लागते. टोरांटो येथे जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड टॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास इन्सुलिनची पहिली सुई टोचण्यात आली. त्यापूर्वी अशा मुलांचे आयुष्य महिन्यांनी मोजावे लागे. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ती पहिली सुई फारशी लागू पडली नाही, कारण अर्क अशुद्ध होता. पुढील बारा दिवस कॉलिप यांनी तो शुद्ध केला आणि दुसऱ्या वेळी मुलगा सुधारू लागला. द्रव्य योग्य असूनही शुद्धीकरणावाचून ते निष्फळ ठरले असते. आज शंभर वर्षांनंतर एखाद्या घरात कोणी हितचिंतक सांगतो की, सुया टोचून मुलाचे हाल कशास करता, अमुक पाला सुरू करा आणि सुई सोडा. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात या सल्ल्याप्रमाणे इन्सुलिन थांबविले, तर रक्तात आम्ल साचते, उलट्या व धाप सुरू होते आणि थोड्याच दिवसांत प्राणसंकट ओढवते. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो यात संशय नाही. पण हेतूने आम्ल उतरत नाही.

गोळ्यांवर असणाऱ्या प्रौढ रुग्णास दोन्हीकडून धोका असतो. गोळी सोडून पाला घेतला तर साखर हळूहळू चढते, वरवर काहीच दुखत नाही, आणि डोळे, मूत्रपिंडे व पाय यांची हानी आतल्या आत होत राहते. गोळी व पाला दोन्ही घेतले आणि पाला खरोखरच गुणकारी असला, तर साखर एकाएकी खाली जाऊन घाम, थरथर व बेशुद्धी येण्याचे भय. शिवाय शुद्ध वनस्पती म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत आधुनिक गोळ्यांची भेसळ असल्याचे निरनिराळ्या देशांतील तपासण्यांत उघडकीस आले आहे. अशा पुडीने आलेला गुण झाडाचा नसतो, आणि त्याची मात्रा कोणासच ठाऊक नसते.

तेव्हा घरातील माणसांनी काय करावे? एखादी वनस्पती घ्यावयाची झाल्यास ती डॉक्टरांपासून लपवू नये. शिकलेल्या वैद्याकडून, नाव व मात्रा लिहून घेऊन घ्यावी. साखर नियमाने तपासून वहीत टिपून ठेवावी, आणि चालू औषध स्वतःच्या मनाने कधीही कमी करू नये. वहीतील आकडे उतरले तर औषध कमी करण्याचा निर्णय डॉक्टर आनंदाने घेतील. आणखी एक गोष्ट रानाच्या हिताची. पान खुडले तर वेल पुन्हा फुटते, पण सप्तरंगीचे मूळ खणले वा बिबळ्याचे खोड तोडले तर झाडच संपते. ज्या द्रव्याचा शोध अजून लागावयाचा आहे, त्याचे झाड त्याआधीच नाहीसे होऊ नये.

ज्येष्ठ महिना जवळ आला म्हणजे घाटाच्या रस्त्याकडेला मावळातील बाया द्रोणांतून जांभळे घेऊन बसतात. मधुमेह असलेल्या गृहस्थाने, डॉक्टरांनी मुभा दिली असेल तितकी जांभळे अवश्य खावी, आणि बिया वाळवून त्यांची पूड करावयाची असल्यास तीही विचारून करावी. मात्र घरी पोहोचल्यावर त्या दिवसाची गोळी किंवा सुई ठरलेल्या वेळी घ्यावयास विसरू नये. रानातील पाल्याची परीक्षा चालू आहे. ती पुरी होईपर्यंत कसास उतरलेले औषध हातचे सोडण्याचे कोणासही कारण नाही.